अक्रोडाचे सोबती

अक्रोडाचा गर तोंडात टाकून सावकाश चावला, तर दोन गोष्टी एकामागून एक कळतात. आधी स्निग्ध, किंचित गोडसर अशी चव येते. मग जिभेवर आणि गालांच्या आतल्या बाजूला कोरडेपणा जाणवू लागतो, कच्चे केळे किंवा जांभूळ खाल्ल्यावर वाटते तसा. पहिली चव गरातल्या तेलाची आणि दुसरी गरावरच्या पातळ, तपकिरी सालीची. जगातल्या अनेक स्वयंपाकघरांत अक्रोडाचे काय करायचे हा प्रश्न या दोन चवींशी येऊन थांबला. त्याची उत्तरे मात्र ठिकठिकाणी वेगळी निघाली. ती एकत्र ठेवून पाहिली तर इतिहासही कळतो आणि थोडे रसायनशास्त्रही.

झाडाचा प्रवास

आपण खातो त्या अक्रोडाचे शास्त्रीय नाव 'जुग्लान्स रेजिया'. लिनियसने १७५३ मध्ये हे नाव नोंदवले. 'जुग्लान्स' म्हणजे ज्युपिटर देवाचे फळ आणि 'रेजिया' म्हणजे राजेशाही. ग्रीक लोक याला इराणचे फळ म्हणत. इंग्रजी नावाचा मूळ अर्थ 'परक्यांचे कवचफळ' असा आहे. म्हणजे युरोपातल्या नावांमध्येच हे फळ बाहेरून आल्याची आठवण शिल्लक आहे.

आपल्याकडे संस्कृतात याला 'अक्षोट' म्हणतात. 'अक्रोड' हा शब्द त्याच कुळातला. 'रघुवंशा'च्या चौथ्या सर्गात, रघूच्या दिग्विजयाच्या वर्णनात ही झाडे भेटतात. रघूच्या सैन्यातले हत्ती अक्रोडाच्या झाडांना बांधले, त्यामुळे झाडे वाकली आणि त्यांच्याबरोबर कांबोजही नमले, अशी कल्पना कालिदासाने केली आहे. कांबोजांचा प्रदेश वायव्येकडचा. अक्रोड कोठे होतो हे कालिदासाला नेमके ठाऊक होते.

तुरटपणावर तीन उपाय

सालीतला तुरटपणा टॅनिन नावाच्या पदार्थांमुळे येतो. आपल्या लाळेत काही प्रथिने असतात, त्यांच्यामुळे तोंड ओलसर आणि गुळगुळीत राहते. टॅनिन या प्रथिनांना चिकटते, त्यांचे गोळे होतात आणि तोंड कोरडे पडल्यासारखे वाटते. यावरचा सर्वांत सरळ उपाय म्हणजे साल काढून टाकणे.

मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरात नेमके हेच करतात. तिथल्या 'चिलेस एन नोगादा' या पदार्थात मोठ्या मिरच्यांमध्ये मांस आणि फळांचे सारण भरतात, वर अक्रोडाचा पांढरा रस्सा ओततात आणि डाळिंबाचे दाणे पसरतात. रस्सा पांढराशुभ्र आणि गोडसर हवा, म्हणून ताज्या अक्रोडाची साल हाताने सोलावी लागते. झाडावरून नुकत्याच उतरलेल्या अक्रोडाचीच साल अशी सहज निघते, म्हणून हा पदार्थ मुख्यतः जुलै ते सप्टेंबरमध्ये होतो. १८२१ मध्ये स्वातंत्र्यलढ्याचा सेनानी इतुर्बिदे याच्यासाठी तिथल्या जोगिणींनी तो प्रथम रांधला, अशी आख्यायिका आहे. मिरची तिथली; अक्रोड आणि डाळिंब स्पॅनिश लोकांनी समुद्रापलीकडून नेलेली. त्या अक्रोडाला तिथे आजही 'कॅस्टिलचा अक्रोड' म्हणतात.

दुसरा उपाय म्हणजे टॅनिनला चिकटायला दुसरे प्रथिन देणे. काश्मीरमध्ये अक्रोड वाटून दह्यात कालवतात, त्यात हिरवी मिरची वगैरे घालतात आणि चटणी करतात. दुधातली केसिन नावाची प्रथिने टॅनिनला धरून ठेवतात, त्यामुळे लाळेच्या वाट्याला कमी टॅनिन येते. हा अनुभव आपण रोज घेतो. कोरा कडक चहा तुरट लागतो, दूध घातले की तुरटपणा उतरतो. फ्रान्समध्ये अक्रोडाबरोबर चीज खाण्याची रीत आहे, तिलाही हेच कारण लागू पडते.

तिसरा उपाय इराणचा. तिथल्या 'फेसेंजान' या रश्श्यात बारीक वाटलेला अक्रोड आणि डाळिंबाचा आटवलेला रस मंद आचेवर बराच वेळ शिजवतात. कॅस्पियन समुद्राकाठच्या गिलान प्रांतात त्यात बदक घालतात. १०० ग्रॅम अक्रोडात सुमारे ६५ ग्रॅम तेल असते, ते शिजताना सुटून वर येते. एवढ्या तेलकट रश्श्याला आंबट जोडीदार हवाच, कारण आंबटामुळे लाळ सुटते आणि जडपणा कमी वाटतो. मात्र आंबटाने तुरटपणा कमी होतोच असे नाही, काही वेळा तो वाढतोही. अनेक घरी यात साखर घालतात, ती त्यासाठी उपयोगी पडते.

या रश्श्याचा रंग काळपट यावा म्हणून त्यात तापवलेला लोखंडाचा तुकडा टाकण्याची जुनी रीत आहे. यात चमत्कार नाही. टॅनिन आणि लोह एकत्र आले की काळा रंग तयार होतो. सह्याद्रीतल्या हिरड्यातही टॅनिन भरपूर असते. हिरडा आणि लोखंड यांपासून आपल्याकडे काळी शाई करत, तीही याच क्रियेने.

जॉर्जियातली मेथी

काळ्या समुद्राच्या पूर्वेला जॉर्जिया हा छोटा देश आहे. तिथल्या स्वयंपाकात अक्रोडाला आपल्याकडच्या नारळाचे स्थान आहे. अक्रोड, लसूण, धने, व्हिनेगर किंवा डाळिंबाचा रस आणि निळ्या फुलांच्या मेथीची पूड यांचे वाटण पालेभाज्यांना, वांग्यांना आणि कोंबडीला लावतात. ही मेथी आपल्या मेथीची जवळची नातलग आहे.

आता एक अलीकडचा शोध पाहू या. २०२३ मध्ये जर्मनीतल्या म्युनिक भागातील संशोधकांनी अक्रोडाच्या वासाचे विश्लेषण प्रसिद्ध केले. अक्रोडाचा खास वास एका पदार्थाचा नसून मुख्यतः दोन पदार्थांच्या जवळजवळ समसमान मिश्रणाचा असतो, असे त्यांना आढळले. त्यांपैकी एकाचा वास ओटच्या लापशीसारखा असतो. दुसऱ्याचे नाव सोटोलोन. आपल्या मेथीच्या दाण्यांचा ओळखीचा वास ज्या पदार्थामुळे येतो, तोच हा!

मग जॉर्जियातल्या आज्यांना हे शेकडो वर्षे आधीच कळले होते, असे म्हणायचे का? वाक्य मोहक आहे, पण इथे थांबायला हवे.

समान वास म्हणजे चांगली जोडी?

ज्या पदार्थांत वासाचे रेणू समान असतात त्यांची जोडी चांगली जमते, हा विचार १९९० च्या दशकात युरोपातल्या काही आचाऱ्यांनी आणि रसायनतज्ज्ञांनी मांडला. २०११ मध्ये संशोधकांनी हजारो पाककृती घेऊन तो तपासला. पाश्चात्त्य पाककृतींत समान रेणूंचे पदार्थ एकत्र येण्याकडे कल दिसला; पूर्व आशियातल्या पाककृतींत उलट. २०१५ मध्ये जोधपूरच्या आय.आय.टी.तील संशोधकांनी २५४३ भारतीय पाककृती तपासल्या. इथे तर पदार्थांतले समान रेणू जितके जास्त, तितके ते एकत्र येण्याचे प्रमाण कमी निघाले, आणि याला मुख्यतः मसाले कारणीभूत होते. म्हणजे जो नियम सार्वत्रिक वाटत होता, तो एका प्रदेशाच्या सवयीचे वर्णन ठरला.

इतिहासही आपल्याला सावध करतो. जॉर्जियातल्या याच स्वयंपाकात झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या आणि मिरचीही घालतात, आणि 'सात्सिवी' हा प्रसिद्ध पदार्थ टर्की पक्ष्याचा करतात. झेंडू, मिरची आणि टर्की तिन्ही अमेरिकेतून आलेली, म्हणजे कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतरची. 'परंपरागत' दिसणारे सगळे सारखेच जुने नसते. न्यूयॉर्कचे वॉल्डॉर्फ सॅलड आज अक्रोडाशिवाय कोणी ओळखणार नाही; पण १८९६ च्या छापील कृतीत सफरचंद, सेलरी आणि मेयोनेझ एवढेच होते. अक्रोड नंतर आला.

म्हणून एखादी जोडी का जमली याची कारणे अनेक असू शकतात. शेजारी काय पिकत होते, व्यापार कोणाशी होता, सणाला काय लागत होते आणि जिभेला काय सोसत होते, हे सारे त्यात येते. रसायनशास्त्र यातल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर चांगले देते, बाकीचे प्रश्न इतिहासाला विचारावे लागतात.

वर्गात करून पाहा

एक लोखंडी खिळा व्हिनेगरमध्ये दोन-तीन दिवस बुडवून ठेवा. चार अक्रोडांचे गर वाटीभर गरम पाण्यात पंधरा मिनिटे भिजवा. पाणी तपकिरी होईल. त्यात खिळ्याच्या व्हिनेगरचे काही थेंब टाका आणि रंग पाहा. हाच प्रयोग कोऱ्या चहावर आणि हिरड्याच्या पाण्यावर करा. तिन्ही ठिकाणी रंग काळपट झाला, तर या तिघांत समान काय असावे हे मुलांनाच विचारा. ही पाणी चाखायची मात्र नाहीत.

चवीचा प्रयोग वेगळा करा: एक तुकडा नुसता, एक दह्याबरोबर, एक डाळिंबाच्या दाण्यांबरोबर. काही मुलांना अक्रोडाची ॲलर्जी असते आणि ती धोकादायक ठरू शकते, म्हणून घरी विचारल्याशिवाय कोणालाही खायला देऊ नका. प्रत्येकाने आपले मत दुसऱ्याशी न बोलता लिहावे, मग फळ्यावर मोजणी करावी. सर्वांचे मत एक येणार नाही. मग ज्यांना वेगळे वाटले त्यांच्या घरी रोज काय शिजते, हा पुढचा प्रश्न मुले बहुधा स्वतःच विचारतील.