कोच आधी की टीम आधी? पुणे, मुंबई आणि ड्राफ्टची गोष्ट

हेडफोन लावा, आज फुटबॉल.

माहितीये, परभणीत बसून फुटबॉलवर बोलणं म्हणजे उन्हाळ्यात स्वेटर विकण्यासारखं आहे. आपल्याकडे क्रिकेट, त्यानंतर कबड्डी, मग कुस्ती, आणि मग कुठंतरी फुटबॉल. पण आजचा प्रश्न कुठल्याही खेळाला लागू पडतो. टीम हरली की आपण सगळे एका सुरात ओरडतो, "कोचला काढा!" ठीक आहे, काढा. पण मैदानावर जे अकरा जण उभे होते, ते कोणी निवडले होते? कोचनं, मालकानं, की नुसत्या चिठ्ठीनं?

या प्रश्नाचा महाराष्ट्रातला इतिहास फार जुना नाही, २०१४ पासूनचा आहे. दोन शहरं, दोन क्लब. एक संपला, एक चॅम्पियन झाला.

आधी ड्राफ्ट म्हणजे काय ते पटकन सांगतो, कारण हा शब्द आपल्याकडं लिलावाशी मिसळला जातो. लिलावात ज्याच्याकडं पैसा तो जिंकतो. ड्राफ्टमध्ये पाळी असते. तुझी पाळी आली, तू एक नाव घे, मग पुढचा घेणार. ही कल्पना अमेरिकेतली. तिकडच्या फुटबॉलमध्ये, म्हणजे बॉल हातात धरून पळतात त्या फुटबॉलमध्ये, फिलाडेल्फिया ईगल्सचा मालक बर्ट बेल वैतागला होता. चांगली पोरं कायम श्रीमंत, जिंकणाऱ्या टीमकडंच जायची. त्यानं सुचवलं की सगळ्यात खाली राहिलेल्या टीमनं पहिलं नाव घ्यायचं. १९३६ मध्ये पहिला ड्राफ्ट झाला. पहिली निवड बेलच्याच टीमची होती, जे बर्वांगर नावाचा कॉलेजचा स्टार. आणि गंमत ऐका, तो पोरगा व्यावसायिक फुटबॉल एकदाही खेळला नाही. जगातल्या पहिल्यावहिल्या ड्राफ्टची पहिली निवड अशी वाया गेली.

पण ती पद्धत तिकडं टिकली, कारण मागं शेकडो कॉलेजं होती. दरवर्षी नवीन पोरं तयार होऊन यायची. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता आपल्याकडं या. जुलै २०१४, मुंबई. इंडियन सुपर लीग सुरू व्हायची होती. भारतीय खेळाडूंचा ड्राफ्ट झाला. प्रत्येकाची किंमत आधीच ठरलेली, क्लबनं फक्त पाळी आली की नाव घ्यायचं. आणि मुंबई सिटीचा कोच पीटर रीड? तो आला सप्टेंबरमध्ये. पहिला सामना १२ ऑक्टोबरला. आयटीवाल्यांना हे लगेच कळेल: टीम हायर झाली, डेडलाइन ठरली, आणि मग प्रोजेक्ट मॅनेजर जॉइन झाला. रीड साधा माणूस नव्हता, इंग्लंडकडून वर्ल्ड कप खेळलेला. पण त्याच्या हातात जे आलं ते दुसऱ्यांनी निवडलेलं होतं. सुरुवात तर झकास झाली. पुण्याला ५-० नं धुतलं, आंद्रे मोरित्झनं लीगमधली पहिली हॅटट्रिक मारली. शेवटी मात्र आठ संघांत मुंबई सातवी.

पुढच्या वर्षी मुंबईनं उलटं टोक गाठलं. निकोला अनेल्का, जो खेळाडू म्हणून आधीपासून टीममध्ये होता, त्यालाच मॅनेजर केलं. म्हणजे कोचही तोच, स्टारही तोच. जुलै २०१५ च्या लिलावात त्यांनी सुनील छेत्रीला १ कोटी २० लाखांना घेतलं, त्या दिवशीची सगळ्यात मोठी बोली. छेत्रीनं पैसे वसूलही करून दिले. नॉर्थईस्टविरुद्ध हॅटट्रिक, लीगमधली भारतीयाची पहिली. ५-१. आणि तीन आठवड्यांनी याच मुंबईनं गोव्याकडून सात गोल खाल्ले. सात! ७-०. मुंबई त्या वर्षी सहावी आली.

माझं पहिलं मत इथंच सांगून टाकतो. गोल मारणाऱ्याला आधी विकत घेणं ही मालकाची हौस असते, कोचची गरज नसते. पोस्टरवर स्ट्रायकर छान दिसतो. स्टॉपर बॅकचा फोटो लावून तिकिटं खपत नाहीत. पण माझ्या हातात पहिली पाळी दिली तर मी सेंटर बॅक घेईन, दुसरी पाळी दिली तर गोलकीपर. आणि हे काही मी एकटा म्हणत नाही. २०१७ च्या ड्राफ्टमध्ये जमशेदपूरची टीम नवी कोरी होती. त्यांनी आधी स्टीव्ह कॉपेलला कोच नेमलं, मग ड्राफ्टला गेले. सगळ्यात आधी नाव घेतलं अनस एडाथोडिकाचं, १ कोटी १० लाखांचा डिफेंडर. गोलकीपर म्हणून सुब्रत पाल. पहिल्याच हंगामात, दहा संघांत, पाचवे. बक्षीस नाही मिळालं, पण पहिल्या वर्षी कोणी त्यांची चेष्टाही करू शकलं नाही.

आता पुणे. इथं मी थोडा हळवा होणार आहे, सांभाळून घ्या. मी इंजिनिअरिंगला पुण्यात होतो आणि एफसी पुणे सिटीचे सामने बघायला बालेवाडीला जायचो. ट्रॅकमुळं मैदान इतकं लांब की तिसऱ्या ओळीत बसूनही खेळाडू टीव्हीपेक्षा लहान दिसायचे. नारंगी टीशर्ट, ड्रम, आणि अर्ध्या रिकाम्या खुर्च्या. तरी मजा यायची.

या क्लबच्या कोचची यादी ऐका. २०१४, फ्रँको कोलोंबा. २०१५, डेव्हिड प्लॅट. २०१६, अंतोनियो हबास, ज्यानं कोलकात्याला पहिली लीग जिंकून दिली होती. २०१७-१८, रँको पोपोविच. २०१८ च्या हंगामात मिगेल आंखेल पोर्तुगाल, आणि तीन सामन्यांनंतर त्याची सुट्टी. मग फिल ब्राउन. पाच हंगाम, सहा कोच, आणि मधले काळजीवाहू वेगळे. इटालियन, इंग्लिश, स्पॅनिश, सर्बियन, परत स्पॅनिश, परत इंग्लिश. प्रत्येकाची खेळायची पद्धत वेगळी, प्रत्येकाला हवे ते खेळाडू वेगळे. आधीच्यानं सांगून घेतलेला खेळाडू पुढच्याच्या कामाचा नाही. गावाकडं दर वर्षी नवीन सालगडी आला आणि प्रत्येकानं वेगळंच पीक धरलं तर रानाचं काय होईल?

पण थांबा, इथं माझ्या मताला खडा लागतो आणि तो लपवणं बरोबर नाही. पुण्याचा सगळ्यात चांगला हंगाम कोणता? २०१७-१८. चौथा नंबर, पहिल्यांदाच सेमीफायनल. आणि त्या वर्षी ड्राफ्ट झाला जुलैमध्ये, हबास असताना. हबास सप्टेंबरमध्ये गेला, पोपोविच नंतर आला. म्हणजे दुसऱ्याच्या टीमवर त्यानं पुण्याला तिथपर्यंत नेलं. मार्सेलिन्हो आणि अल्फारो ही परदेशी जोडी पेटली होती, हे खरंच. तरी श्रेय त्याला द्यावंच लागतं. मग क्लबनं काय केलं? पुढच्या हंगामाला कोच बदलला! कोचला सत्ता द्यायची नाही हे एकवेळ समजू शकतो. पण ज्यानं सत्ता नसतानाही करून दाखवलं, त्याला दुसरं वर्ष तरी द्या ना.

२०१९ मध्ये क्लब बंद पडला. लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. पैशाची कारणं होती, ती वेगळी. पण पुढची गोष्ट बघा. हैदराबाद पहिल्या हंगामात शेवटचं आलं. मग २०२० मध्ये मनोलो मार्केझ हा स्पॅनिश कोच आला आणि तीन हंगाम राहिला. तीन! तरुण भारतीय पोरांना सलग खेळवलं. मार्च २०२२ मध्ये, गोव्यात फातोर्ड्याला, केरळला पेनल्टीवर हरवून हैदराबाद चॅम्पियन. त्या हंगामाच्या टीममध्ये कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, २०१७ चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळलेला. पुण्याच्या जागेवर, कोल्हापूरचं पोरगं, हैदराबादच्या जर्सीत. मला त्या रात्री आनंद झाला की राग आला, अजून ठरवता आलेलं नाही.

कोचच्या सत्तेचं सगळ्यात ठळक उदाहरण मात्र परत मुंबईतच आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपनं, म्हणजे मँचेस्टर सिटीवाल्यांनी, मुंबई सिटीत ६५ टक्के वाटा घेतला. ड्राफ्ट तोपर्यंत बंद झालेला, क्लब थेट करार करू शकत होते. २०२० मध्ये त्यांनी सर्जियो लोबेराला आणलं. आणि त्याच्या मागोमाग त्याच्या जुन्या एफसी गोवातून कोण आलं? मुर्तदा फॉल, अहमद जहू, ह्युगो बुमूस, आणि आपल्या शेजारचा गोव्याचा मंदार राव देसाई. म्हणजे कोच आला तो पाठीचा कणा सोबत घेऊनच. मार्च २०२१ मध्ये फायनल, नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगचा गोल, २-१. लीग शील्ड आणि ट्रॉफी, दोन्ही एकाच हंगामात.

झालं की मग सिद्ध? कोचला सगळी सत्ता द्या, विषय संपला?

नाही हो. कारण याच लोबेराला गोव्यानं जानेवारी २०२० च्या शेवटी काढलं होतं, टीम वर असताना. आणि उरलेले सामने क्लिफर्ड मिरांडा या गोव्याच्याच माणसाच्या हाताखाली खेळून गोव्यानं शील्ड जिंकली. कोच गेला तरी त्यानं बांधलेली टीम पळत राहिली. मुंबईतही तेच. लोबेरा २०२१ मध्ये गेला, डेस बकिंगहॅम आला. पहिल्या हंगामात पाचवा नंबर. पुण्यात असता तर गेलाच असता घरी. मुंबईनं ठेवला. २०२२-२३ मध्ये सलग अठरा सामने न हरता शील्ड. तो नोव्हेंबर २०२३ मध्ये इंग्लंडला गेला, मेलबर्नहून पेत्र क्रात्की आला, आणि मे २०२४ मध्ये कोलकात्यात मोहन बागानला ३-१ नं हरवून परत ट्रॉफी.

चार वर्षांत तीन कोच, आणि तिघांनीही काही ना काही जिंकलं. पुण्यानंही कोच बदलले, मुंबईनंही बदलले. फरक एवढाच की मुंबईत खेळायची पद्धत क्लबची होती. नवीन कोच त्या पद्धतीत बसणारा शोधला जायचा. कोडबेस तोच, डेव्हलपर बदलला. पुण्यात प्रत्येक जण येऊन रीराइट करत होता. म्हणून मी म्हणतो, कोचला खेळाडू निवडायचा हक्क द्या, त्याच्या शब्दाशिवाय एकही करार नको, पण पद्धत ठरवायचा हक्क क्लबकडंच ठेवा.

आता तो मघाचा मुद्दा. ड्राफ्टमध्ये पहिलं नाव कोणाचं, यावर आपण तासभर भांडू. पण यादीत नावं येतात कुठून? अमेरिकेत कॉलेजं आहेत. आपल्याकडं "जगात जर्मनी, भारतात परभणी" म्हणायची पद्धत आहे ना, तर जर्मनीचंच बघू. २००० च्या युरो कपमध्ये ते साखळीतच बाहेर पडले, एकही सामना न जिंकता. त्यांनी नुसता कोच बदलून विषय सोडला नाही. क्लबना अकादमी सक्तीची केली, देशभर साडेतीनशेहून जास्त प्रशिक्षण केंद्रं काढली, लहान गावांतल्या पोरांपर्यंत. कोच म्हणून योआखिम ल्योव २००६ ला आला तो राहिला. २०१४ मध्ये वर्ल्ड कप त्यांचा.

महाराष्ट्रात हे कोणी केलंच नाही असं नाही. आयएसएलच्या आधी पुण्यात पुणे एफसी हा क्लब होता, २००७ चा. त्यांच्याकडं डेरिक परेरा हा गोव्याचा कोच कित्येक हंगाम होता, तोच ज्यानं २००५-०६ मध्ये मुंबईच्या महिंद्रा युनायटेडला राष्ट्रीय लीग जिंकून दिली होती. २०१२-१३ मध्ये पुणे एफसी आय-लीगमध्ये दुसरा आला. आणि त्यांची अकादमी देशातल्या चांगल्यांपैकी होती. केरळच्या मलप्पुरमचा आशिक कुरुनियन तिथूनच वर आला. महिंद्राची टीम २०१० ला बंद, पुणे एफसीची मोठी टीम २०१५ ला बंद. अकादमी पुणे सिटीनं घेतली, मग चार वर्षांनी तेही गेले.

मलप्पुरमच्या पोराला पुण्याची अकादमी सापडली. जिंतूरच्या, सेलूच्या, पूर्णेच्या पोराला सापडली असती का? देवगिरी एक्सप्रेस रात्रीत मुंबईला पोचवते, पण उतरून कोणत्या मैदानावर, कोणाला भेटायचं, हे सांगणारा जिल्ह्यात कोणी असावा लागतो. माझ्या हातात क्लब दिला तर माझी पहिली निवड हा माणूस असेल. सेंटर बॅक दुसरा. आणि स्ट्रायकर, सॉरी छेत्री फॅन्स, पाचवा.

जाता जाता एका डिफेंडरची गोष्ट. मुंबईचा राहुल भेके. २०१६ मध्ये तो पुणे सिटीकडून खेळला. तिथून बेंगळुरूला गेला. २०१९ ची फायनल, तीही मुंबईत, एक्स्ट्रा टाइममध्ये त्याच्या हेडरवर बेंगळुरू चॅम्पियन. मग तो मुंबई सिटीत आला, आणि ११ एप्रिल २०२२ ला इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध त्याचाच हेडर. २-१. एशियन चॅम्पियन्स लीगमधला भारतीय क्लबचा पहिला विजय.

पुढच्या भागात कोल्हापूर. तिथं तालमींच्या फुटबॉलमध्ये कोच कोण आणि मालक कोण, हा प्रश्नच वेगळा आहे. पाटाकडील की खंडोबा, ते मात्र मला विचारू नका, मला कोल्हापूरला जायचंय.