चौथाईचे मूळ गाव

‘चौथ’, म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, हा शब्द शिवछत्रपतींच्या नावाशी इतका घट्ट जोडला गेला आहे, की तो त्यांच्याआधीचा आहे हे सहसा ध्यानात येत नाही. त्याची पाळेमुळे दमणच्या परिसरात सापडतात. तिथल्या गावांना उपद्रव होऊ नये म्हणून पोर्तुगीज रामनगरच्या राजाला चौथ देत. त्यांच्या कागदांत तो ‘चौथिया’ राजा म्हणूनच ओळखला जाई. शिवाजी महाराजांनी १६७२मध्ये रामनगर जिंकले आणि राज्यासोबत हा हक्कही आपल्याकडे आला, असे सांगून पोर्तुगिजांकडे चौथ मागितली. म्हणजे महाराजांनी नवा कर काढला नाही. चालत आलेल्या ठरावाचा वारसा सांगितला. चौथेचा जन्म करारातून झाला, आणि तिचा न्यायही करारानेच तोलला पाहिजे.

चौथेमागचा करार सर्वांत स्पष्ट झाला तो मार्च १७१९मध्ये. पेशवे बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई आणि सरदेशमुखी या वसुलीच्या हक्कांच्या सनदा आणल्या. चौथेच्या बदल्यात १५,००० स्वार बादशाही चाकरीत ठेवायचे आणि सरदेशमुखीच्या बदल्यात मुलखात चोरी-दंगा होऊ द्यायचा नाही, अशी बोली होती. वसुलीचा हक्क आणि रक्षणाची जबाबदारी एकाच व्यवहाराची दोन अंगे होती. यावर कोणी म्हणेल, तलवारीच्या धाकाने मिळवलेली सनद ही खंडणीच. धाक होता, हे खरेच. पण नुसता धाक पुरेसा असता, तर सनदेसाठी दिल्ली गाठावी लागली नसती. दख्खनच्या निजामानेही चौथ अडवताना छत्रपती शाहू की कोल्हापूरचे संभाजी, खरा हक्कदार कोण, असा वारसाचा प्रश्न पुढे केला. पालखेडला हरल्यावर १७२८मध्ये मुंगी-शेवगावच्या तहात त्याला शाहूंचा हक्क मान्य करावा लागला.

बंगालचा आक्षेप मात्र अधिक जड आहे. १७४२पासून नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी तिथली गावे जाळली, रयत लुटली. १७५१च्या तहाने वर्षाला १२ लाखांची चौथ ठरली, तरी मराठा स्वारांसाठीच्या ‘बर्गी’ या शब्दाची दहशत तिथे पिढ्यान्‌पिढ्या टिकली. त्याचे समर्थन करता येत नाही, करूही नये. रक्षणाचे अंग गळून पडले की चौथेची लूट होते, हेच बंगालने दाखवले. मोबदला घेऊन रक्षण, हे सूत्र सारखे असल्याने न्यायमूर्ती रानड्यांनी चौथेची तुलना इंग्रजांच्या तैनाती फौजेशी केली होती. १८०२मध्ये वसईच्या तहाने पेशवा दुसऱ्या बाजीरावाने ती फौज पत्करली, तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला आणि सुरतेवरचे हक्कही सोडले. रक्षणाचा मोबदला घेणारे राज्य तो मोबदला देणारे झाले, तेव्हा सत्ताही हातची गेली.