बदनाम आकड्याची कुळकथा

रात्री येणाऱ्या अनोळखी माणसाला घर चटकन सापडावे म्हणून दारावरचा आकडा मोठा करायचा आणि त्यावर दिवा सोडायचा, ही सूचना हल्ली सोसायट्यांच्या सभांतून होते. 'एलईडी नेमप्लेट' या नावाने ती चीज ऑनलाइन विकतही मिळते. मात्र या उजळ आकड्याचे कूळ शोधत मागे गेले की पाय थांबतात ते 19व्या शतकातल्या फ्रान्समधल्या कुंटणखान्याच्या उंबऱ्याशी.

आधी नुसत्या आकड्याची गोष्ट. ती बऱ्याच जणांनी सांगितली आहे, म्हणून थोडक्यात. पॅरिसमध्ये नोत्र-दाम पुलावरच्या घरांना 16व्या शतकाच्या सुरुवातीलाच क्रमांक होते. लंडनच्या प्रेस्कॉट स्ट्रीटवर 1708च्या सुमारास दुकानी चिन्हांऐवजी आकडे दिसू लागले. 1770 मध्ये मारिया थेरेसाच्या हुकमाने हॅब्सबर्ग साम्राज्यातली घरे मोजून त्यांवर आकडे रंगवले गेले. हेतू एकच, सैन्यभरतीजोगे पुरुष कोणत्या घरात आहेत हे कळावे. लोकांनीही ते ओळखले आणि ठिकठिकाणी आकडे खरवडून टाकले. नेपोलियनच्या काळात, 1805 मध्ये, पॅरिसला एका बाजूला सम आणि दुसऱ्या बाजूला विषम अशी शिस्त लागली. 1847 मध्ये निळ्या पार्श्वभूमीवर पांढरा आकडा असलेली मिन्याची पाटी आली. ती तिथे आजही दिसते.

सरकारला माणूस सापडावा म्हणून दारावर खूण, ही रीत मुंबईलाही चांगली ठाऊक होती. 1896-97च्या प्लेगमध्ये ज्या घरात मृत्यू होई त्याच्या भिंतीवर वर्तुळ काढून तारीख लिहीत. कॅप्टन मॉस याने त्या वेळी काढलेल्या छायाचित्रांत एकेका दाराशेजारी अशी बरीच वर्तुळे दिसतात. एक वर्तुळ म्हणजे एक मृत्यू. राहण्यास अयोग्य ठरलेल्या इमारतींवर 'यूएचएच' ही तीन इंग्रजी अक्षरे रंगवलेली असत. अशी खूण कोण कौतुकाने उजळून दाखवील? हॅब्सबर्ग साम्राज्यातल्या शेतकऱ्यालाही तो आकडा नकोच होता आणि गिरगावातल्या भाडेकरूलाही ते वर्तुळ नको होते. मग आपल्या दारावरचा सरकारी आकडा स्वतःहून मोठा करून, पदरचे तेल जाळून तो रात्रभर दाखवावा, असे पहिल्यांदा वाटले कोणाला?

उत्तर आहे, ज्याचा धंदा रात्री चाले आणि ज्याला पाटी लावायची मुभा नव्हती त्याला.

फ्रान्समध्ये 19व्या शतकाच्या आरंभापासून कुंटणखान्यांना पोलिसांच्या नोंदणीखाली परवानगी होती, पण अटी कडक होत्या. खिडक्यांच्या झडपा बंद हव्यात. दारावर नाव नको, चित्र नको, जाहिरात नको. क्रमांक तेवढा चाले, कारण तो शेजारच्या पाववाल्याच्या घरालाही होता आणि सरकारनेच दिला होता. मालकिणींनी नेमकी हीच फट हेरली. शेजारच्या घरांवरचा आकडा वितभरही नसताना यांचा हातभर झाला आणि त्याच्यावर कंदील आला, बहुधा लाल काचेचा. लोकांच्या तोंडी 'मोठ्या आकड्याचे घर' हा शब्दप्रयोग रूढ झाला. फ्रेंच माणसाने तो उच्चारला की पुढचे सांगावे लागत नसे. लक्ष ठेवण्यासाठी दिलेला क्रमांकच त्यांनी जाहिरातीला जुंपला.

या कंदिलाचे साहित्यातले सर्वांत प्रसिद्ध दर्शन मोपासाँच्या 1881 मधल्या 'ला मेझाँ तेलिए' या कथेत घडते. फेकाँ नावाच्या बंदरगावातल्या त्या घरावर रात्री एक छोटा कंदील जळत असतो. एका रात्री तो विझलेला दिसतो आणि गावातले प्रतिष्ठित नागरिक सैरभैर होतात. मालकीणबाई सगळ्या मुलींना घेऊन भाचीच्या धार्मिक समारंभाला गेलेली असते. दिवा लागला तर घर उघडे, विझला तर बंद, हा अर्थ गावातल्या प्रत्येक पुरुषाला पाठ. पुढे पॅरिसमध्ये तर आकडाच नाव झाला. रू द प्रोव्हाँसवरच्या 122 क्रमांकाच्या घरात 1924 मध्ये सुरू झालेला कुंटणखाना इंग्रजी उच्चाराने 'वन-टू-टू' म्हणून युरोपभर गाजला. पत्ता लक्षात ठेवायची गरजच उरली नाही. नाव घेतले की पत्ता सांगून झाला.

आता प्रतिस्पर्धी दावे. त्यांतला सर्वांत तगडा दावा डॉक्टरांचा. इंग्लंडमध्ये त्याच काळात गावातल्या डॉक्टरच्या दारावर लाल दिवा असे. शेरलॉक होम्सचा जनक कॉनन डॉयल स्वतः डॉक्टर. त्याने 1894 मध्ये वैद्यकी पेशावरच्या कथांचा संग्रह काढला त्याचे नावच 'राउंड द रेड लॅम्प'. म्हणजे इंग्लिश खाडीच्या अलीकडे लाल दिवा म्हणजे वैद्य, पलीकडे फ्रान्समध्ये भलतेच. घाईतल्या प्रवाशाची काय तारांबळ उडत असेल ती उडो. 1861 पासून लंडनच्या पोलीस ठाण्यांवर निळे दिवे आले. औषधविक्रेते खिडकीत रंगीत पाण्याच्या मोठ्या बाटल्या ठेवून मागून दिवा लावत. तेव्हा रात्री दार शोधायला लावणारी खरी निकड आजारपणाची, आणि उजळ दाराचा मान वैद्याचा, असे या पक्षाचे म्हणणे.

म्हणणे सभ्य आहे, पण टिकत नाही. डॉक्टरचा दिवा सांगे की इथे वैद्य राहतो. तो कितव्या घरात राहतो हे त्यावर नसे, आणि गावात ते विचारायची गरजही नसे. निळा दिवाही तसाच, धंद्याची खूण. आकडाच प्रकाशात आणायचा, आकड्याखेरीज काहीच सांगायचे नाही, हे फक्त मोठ्या आकड्याच्या घरांनी केले. डिलिव्हरीवाल्याला तरी दुसरे काय हवे असते? आत कोण राहतो, काय करतो याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

दुसरा दावा घरचा, म्हणून जरा हळुवारपणे बाजूला सारावा लागेल. दिवाळीत आकाशकंदील हाच आपला पत्ता असतो. 'तिसरा मजला, हिरवा कंदील लागलाय तो' असे आपण सर्रास सांगतो. पण कार्तिकात उंच टांगलेला आकाशदिवा परंपरेने पितरांसाठी. त्यांना घर ठाऊकच असते. अनोळखी पाहुण्यासाठी तो कधी नव्हता, आणि महिन्याभरात उतरवलाही जातो.

बदनाम घरांचा उजळ आकडा सभ्य घरांवर कसा आला, हा दुवा मात्र तर्कानेच जोडावा लागतो. प्रस्तुत लेखकाचा तर्क असा की काम विजेने केले. तेलाचा कंदील रात्रभर जळता ठेवणे हा खर्च होता, तो कमाई असलेल्यालाच परवडे. बटण दाबून दिवा लागू लागल्यावर प्रत्येक दारावर उजेड आला आणि उजेडातला आकडा पाहून कोणी भुवया उंचावीनासे झाले. 13 एप्रिल 1946च्या कायद्याने फ्रान्समधले परवानाधारक कुंटणखाने बंद झाले, तेव्हा उरलासुरला डागही गेला. शेजारच्या जर्मनीतल्या बर्लिनमध्ये तर आता अंधार पडल्यावर घराचा क्रमांक उजळलेला असावा असा नियम आहे. एकेकाळी ज्यावरून घर ओळखून लोक नाक मुरडत, ते आज कायद्याने करावे लागते.

अमेरिकेने या कुळात वेगळ्या बाजूने भर घातली. 911 या आपत्कालीन क्रमांकावरचा पहिला फोन 16 फेब्रुवारी 1968 रोजी अलाबामातल्या हेलीव्हिल गावी लागला. पुढे ग्रामीण भागात ही सेवा नीट चालावी म्हणून बिननावाच्या रस्त्यांना नावे आणि घरांना क्रमांक द्यावे लागले. तिथल्या अग्निसुरक्षा संहितेनुसार आकडा किमान 4 इंच उंच, त्याची रेघ अर्धा इंच जाड, रंग पार्श्वभूमीच्या विरुद्ध आणि तो रस्त्यावरून वाचता आला पाहिजे.

आणि आपण? रात्री साडेदहाला पुण्यातल्या एखाद्या जुन्या कॉलनीत फिरून पाहावे. काळ्या ग्रॅनाइटवर कोरलेले 'श्रमसाफल्य'. अक्षरांत भरलेला सोनेरी रंग निम्मा उडालेला. मोबाइलचा टॉर्च मारला की गुळगुळीत दगडात टॉर्चच दिसतो, अक्षर दिसत नाही. खाली सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, प्लॉट नंबर. बाजूला मिळकत करासाठी ठोकलेला पत्र्याचा बिल्ला, त्यावर आणखी एक आकडा. ॲपमध्ये मात्र 'बंगला नं. 7', आणि फाटकावर सात कुठेच नाही. मग फोन येतोच, "काका, मी मारुतीच्या देवळापाशी उभा आहे, आता कुठून वळू?"

गंमत म्हणजे भारताला पत्त्याचा सर्वांत उपयोगी आकडा मराठी माणसानेच दिला. कोकणातून आलेले, संस्कृतात काव्य करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर केंद्रीय दळणवळण खात्यात होते. त्यांच्या कल्पनेतला पिनकोड 15 ऑगस्ट 1972 रोजी लागू झाला. पण सहा आकडी पिन पोस्टाच्या हद्दीपर्यंतच नेतो. मे 2025 मध्ये टपाल खात्याने आणलेला दहा अक्षरांचा डिजीपिन सुमारे 4 मीटर बाय 4 मीटरच्या चौकोनापर्यंत पोचवतो. चौकोन मात्र जमिनीवरचा. चौदा मजली इमारतीत तिसऱ्या आणि तेराव्या मजल्यावरच्या एकाखाली एक असलेल्या फ्लॅटला तोच डिजीपिन. त्या चौकोनात उभ्या असलेल्या माणसाला शेवटी भिंतीवरचा आकडाच हवा.

त्यासाठी फार काही लागत नाही. निदान 10 सेंटिमीटर उंचीचे आकडे, चकाकी नसलेल्या पार्श्वभूमीवर, ठळक विरुद्ध रंगात. वरून पडणारा दिवा, म्हणजे डोळ्यांवर तिरीप येत नाही. विंगचे अक्षर लिफ्टजवळच लिहून भागत नाही, ते रस्त्याकडच्या भिंतीवर हवे. फाटकापाशी उजेडात लावलेला सोसायटीचा साधा नकाशा हवा. नकाशाच्या ॲपमधली खूण मागच्या गल्लीत पडली असेल तर ती एकदा हलवून घ्यावी. बंगल्याचे नाव खुशाल राहू द्या, पण आकडा त्याच्याहून मोठा करा. 108ला फोन करायची वेळ आली तर रुग्णवाहिकेचा चालकही तोच आकडा शोधत येणार आहे, तेव्हा येत्या सभेत वाहनतळाच्या वादाआधी हा विषय घ्या.