अव्वैचे घर

चेन्नईच्या अड्यार भागात, बेझंट अव्हेन्यूवर, 'अव्वै इल्लम' ही संस्था आहे. तमिळमध्ये 'इल्लम' म्हणजे घर. डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांच्या कार्याचा विचार करताना त्यांनी विधिमंडळात मांडलेल्या ठरावांचा उल्लेख प्रथम होतो. परंतु त्या ठरावांचा पुरता अर्थ या घरापाशी येऊनच उलगडतो. कायदा एखादी प्रथा बंद करू शकतो. मात्र त्या प्रथेतून बाहेर पडलेल्या मुलीने रात्री कोठे निजावे, याचे उत्तर कायद्यापाशी नसते.

मुत्तुलक्ष्मींचा जन्म १८८६ मध्ये पुदुकोट्टै संस्थानात झाला. वडील नारायणस्वामी अय्यर हे तेथील महाराजा कॉलेजचे प्राचार्य, तर आई चंद्रम्माळ देवदासी परंपरेतील कुळात जन्मलेली. मुलांच्या त्या कॉलेजात प्रवेश मिळविणारी ही पहिली विद्यार्थिनी १९१२ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होऊन बाहेर पडली. पुढे मद्रास विधिमंडळावर त्यांची नियुक्ती झाली आणि १९२७ मध्ये त्या उपाध्यक्ष झाल्या. त्याच वर्षी त्यांनी मुलींना देवळाला वाहण्याची चाल बंद करावी, असा ठराव मांडला.

या ठरावाला विरोध केवळ सनातन्यांनी केला नाही. अनेक देवदासींनीही सरकारकडे अर्ज केले. आपली कला, देवळातील मान आणि स्त्रीकडे चालत आलेला मालमत्तेचा हक्क हे सारे एका शिक्क्याखाली पुसले जात आहे, ही त्यांची तक्रार होती, आणि ती निराधार नव्हती. १९२९ च्या कायद्याने देवळाच्या सेवेशी बांधलेल्या इनाम जमिनी सेवेतून मोकळ्या करून त्या स्त्रियांकडे राहू दिल्या, हे खरे. परंतु ज्यांच्यापाशी जमीनच नव्हती, त्यांचे काय, हा प्रश्न उरला. मुलींना वाहण्यावर पूर्ण बंदी यावयास १९४७ साल उजाडावे लागले.

मिठाच्या सत्याग्रहात गांधीजींना अटक झाली, तेव्हा १९३० मध्ये मुत्तुलक्ष्मींनी विधिमंडळाचा राजीनामा दिला. याच सुमारास देवदासी घरांतून निघालेल्या काही मुली त्यांच्या दाराशी आल्या. शहरातील वसतिगृहांनी जातीच्या आणि जन्माच्या कारणावरून त्यांना घेण्याचे नाकारले. तेव्हा मुत्तुलक्ष्मींनी त्यांना आपल्या घरात ठेवून घेतले. 'अव्वै इल्लम'चा आरंभ तो हाच.

मराठी वाचकाला हा इतिहास परका वाटू नये. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८८९ मध्ये मुंबईत सुरू झाले. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रमाचे काम हाती घेतले. मद्रासमध्येच सुब्बलक्ष्मी यांनी समुद्रकाठच्या 'आइस हाउस'मध्ये ब्राह्मण विधवांचे वसतिगृह चालविले. तेथील आचार मुलींच्या कुटुंबांना मानवतील असे ठेवणे त्यांना भाग होते. त्यावाचून मुली आल्याच नसत्या. विधवेला निदान तिच्या जातीचा दरवाजा ठोठावता येत असे. देवदासीच्या मुलीला तोही नव्हता. खंडोबाच्या मुरळ्या, यल्लमाच्या जोगतिणी, गोव्यातील भाविणी यांच्या लेकींची कोंडीही याच जातीची होती.

म्हणूनच या घराच्या नावाकडे लक्ष द्यावयास हवे. अव्वै ही तमिळ परंपरेतील आदरणीय कवयित्री. या नावाच्या एकाहून अधिक कवयित्री होऊन गेल्या. तिची 'आत्तिचूडी'तील नीतिवचने तमिळ मुले अक्षरांबरोबरच शिकतात. लोककथा अशी, की लग्नाचा घाट घातला गेला तेव्हा तरुण अव्वैने गणेशाची प्रार्थना करून वार्धक्य मागून घेतले आणि ती मुक्तपणे गावोगाव हिंडली. विधवेची ओळख मृत पतीवरून, देवदासीची देवरूप पतीवरून. अव्वैची ओळख तिच्या शब्दांवरून. ज्या मुलींना समाजाने जन्मावरून जोखले, त्यांच्या घरासाठी याहून समर्पक नाव सापडणे कठीण होते.

मुत्तुलक्ष्मी १९६८ मध्ये निवर्तल्या. अड्यारची कर्करोग संस्था हे त्यांचे दुसरे मोठे स्मारक. परंतु विधिमंडळात त्यांनी जे मागितले, त्याची किंमत प्रथम स्वतःच्या उंबरठ्यावर चुकती केली, याची साक्ष अव्वैचे घर देते.