न्यायाधीशांचा न्याय कोणी करायचा?

न्यायालयाविषयी आपल्या समाजात दोन टोकांच्या भावना आहेत. घटनेवरील निष्ठेमुळे न्यायालय हे शेवटचे आशास्थान वाटते. अत्याचाराच्या खटल्यात आरोपी सुटले की तेच परके वाटू लागते. ह्या दोन्ही भावना क्षणभर बाजूला ठेवून मी इतिहासाला एक साधा प्रश्न विचारू इच्छितो. न्यायाधीशच चुकला तर त्याची चौकशी कोणी करायची?

स्वातंत्र्यानंतर १९३५ च्या कायद्याखाली उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशावरील आरोप फेडरल कोर्टाकडे जात असे. ह्याच मार्गाने १९४९ साली अलाहाबादचे न्या. शिवप्रसाद सिन्हा यांना पदावरून दूर करण्यात आले. घटनेने हा अधिकार संसदेकडे सोपविला. सिद्ध झालेले गैरवर्तन किंवा असमर्थता एवढीच कारणे. आणि प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यांचे बहुमत, शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोनतृतीयांश मते. सत्ताधाऱ्यांच्या मर्जीवर न्यायाधीशाचे पद अवलंबून राहू नये, हा हेतू योग्यच होता. निर्भय न्यायाधीशाची गरज दुर्बळालाच अधिक असते.

परंतु बाबासाहेबांनी दुसरी बाजूही सांगून ठेवली आहे. न्यायाधीशांच्या नेमणुकीला सरन्यायाधीशांची संमती आवश्यक करावी, अशी सूचना घटना समितीत आली, तेव्हा २४ मे १९४९ रोजी त्यांनी तिला विरोध केला. सरन्यायाधीश कितीही थोर असला तरी तो माणूस आहे, सामान्यांचे दोष आणि पूर्वग्रह त्यालाही असतात, असा त्यांचा मुद्दा होता. पुढच्या कायद्याने हा इशारा कितपत लक्षात ठेवला?

१९६८ साली न्यायाधीश चौकशी अधिनियम झाला. लोकसभेच्या १०० किंवा राज्यसभेच्या ५० सदस्यांच्या सह्या असल्याशिवाय चौकशीचा प्रस्तावच येऊ शकत नाही. प्रस्ताव स्वीकारला गेला तर तिघांची समिती: एक सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश, एक उच्च न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश आणि एक नामवंत कायदेपंडित. गावकुसाबाहेरच्या माणसाने १०० खासदार कोठून आणायचे?

न्या. व्ही. रामस्वामी यांचे प्रकरण पाहा. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश असताना त्यांनी केलेल्या खर्चाविषयी आरोप झाले. १९९१ साली १०८ खासदारांनी प्रस्ताव दिला. समितीत न्या. पी. बी. सावंत, मुंबईचे मुख्य न्यायाधीश पी. डी. देसाई आणि न्या. ओ. चिन्नप्पा रेड्डी होते. समितीने १४ पैकी ११ आरोप सिद्ध धरले. ११ मे १९९३ रोजी लोकसभेत १९६ मते प्रस्तावाच्या बाजूने पडली, विरोधात एकही नाही. पण काँग्रेस व तिच्या मित्रपक्षांचे २०५ सदस्य तटस्थ राहिले आणि प्रस्ताव बारगळला. २०११ साली न्या. सौमित्र सेन यांच्याविरुद्धचा प्रस्ताव राज्यसभेत संमत झाला, तेव्हा लोकसभेत मतदान होण्यापूर्वीच त्यांनी राजीनामा दिला. अधिनियमाच्या पहिल्या ५० वर्षांत ह्या मार्गाने एकही न्यायाधीश पदावरून दूर झाला नाही.

आता दुसरे चित्र. न्या. सी. एस. कर्नन हे दलित समाजातले. उच्च न्यायालयात जातीवरून अपमान होतो, अशी तक्रार त्यांनी २०११ साली राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाकडे केली होती. २०१७ साली त्यांनी २० आजी-माजी न्यायाधीशांवर भ्रष्टाचाराचे आरोप करणारे पत्र पंतप्रधानांना लिहिले. त्यांची पुढची अनेक कृत्ये असमर्थनीय होती, हे मी आडपडदा न ठेवता म्हणतो. पण त्यांच्यासाठी १९६८ चा मार्ग कोणी चोखाळला नाही. ९ मे २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी त्यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल सहा महिन्यांची कैद दिली आणि त्यांची विधाने छापण्यास वृत्तपत्रांना मनाई केली. पदावर असलेल्या उच्च न्यायालयीन न्यायाधीशाला अशी शिक्षा पूर्वी कधी झाली नव्हती.

एका न्यायाधीशासाठी कायद्याची प्रत्येक पायरी जपली गेली; दुसऱ्याला त्या पायऱ्यांवर उभेही राहू दिले नाही. जातीमुळेच असे घडले, असा निवाडा मी देत नाही. पण जातीच्या त्या तक्रारीचे काय झाले, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

१९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने अंतर्गत चौकशीची पद्धत स्वीकारली. तिथेही न्यायाधीशांची चौकशी न्यायाधीशांनीच करायची. म्हणून मागणी अशी हवी: सामान्य नागरिकाची तक्रार थेट ऐकणारे, कारणे देऊन निर्णय जाहीर करणारे स्वतंत्र मंडळ कायद्याने स्थापन व्हावे, आणि त्यात न्यायाधीशांबरोबर समाजातील माणसेही असावीत. कार्यकर्त्यांनी आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांनी हा प्रश्न वकिलांवर सोडून देऊ नये.