शेवाळ उपाशी राहिलं की तेल बनवतं. मग आपल्या गाड्या त्यावर का धावत नाहीत?

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार.

सुरुवात आपल्या महाराष्ट्रातूनच करू. जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर गुलाबी झालं आणि त्याचे फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरले. पहिला संशय शेवाळावर गेला आणि तो उगाच नव्हता. ड्युनालिएला नावाचं एक सूक्ष्म शेवाळ आहे. पाण्यातलं मीठ आणि डोक्यावरचं ऊन वाढलं, की ते बीटा-कॅरोटीन, म्हणजे गाजरातला नारिंगी रंग, साठवायला लागतं. पण पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले, तेव्हा खरे रंगारी निघाले हॅलोआर्किया, म्हणजे खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव.

शेवाळ निर्दोष सुटलं, पण संशयामागचं तत्त्व पक्कं आहे. ताण आला की शेवाळ आपल्या पोटातला माल बदलतं. काही जाती रंग साठवतात, बऱ्याच जाती तेल. आणि या तेलामागे माणूस ऐंशी वर्षं धावतोय.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत खाण्याच्या चरबीची टंचाई होती. १९४२ मध्ये हार्डर आणि फॉन विच या शास्त्रज्ञांनी डायटम जातीचं शेवाळ मोठ्या प्रमाणावर वाढवून त्यातून चरबी काढायची कल्पना मांडली. पुढे १९४९ मध्ये कॅलिफोर्नियात स्पोर आणि मिलनर यांनी दाखवलं, की एकाच क्लोरेलामध्ये परिस्थिती बदलली तर तेलाचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास ते थेट ८५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. मुख्य युक्ती एकच होती: नायट्रोजन तोडायचा.

असं का होतं? प्रोटीन बनवायला नायट्रोजन लागतो. तो संपला की पेशीला नवी पेशी काढता येत नाही. ऊन मात्र पडतच असतं, त्यामुळे प्रकाशसंश्लेषण मंदावलं तरी लगेच थांबत नाही. आत येणाऱ्या या ऊर्जेचं करायचं काय? पेशी ती तेलाच्या थेंबांत साठवून ठेवते. तेलात नायट्रोजन लागत नाही ना! थोडक्यात, वाढ थांबते म्हणून तेल साठतं.

सगळी गोची इथेच आहे. समजा, खाऊन-पिऊन सुखी असलेला एक टँक रोज १०० ग्रॅम शेवाळ देतो आणि त्यात २० टक्के तेल आहे. म्हणजे २० ग्रॅम. आता त्याला उपाशी ठेवलं. तेल ४० टक्क्यांवर गेलं, पण शेवाळ रोज ४० ग्रॅमच वाढलं. हाती आलं १६ ग्रॅम. टक्केवारी दुप्पट आणि तरी तोटा!

अमेरिकेनं हा हिशोब मोठ्या प्रमाणावर करून पाहिला. तेलसंकटानंतर १९७८ मध्ये सुरू झालेल्या सरकारी प्रकल्पात सुमारे ३,००० प्रकारची शेवाळं गोळा झाली, न्यू मेक्सिकोत तलाव बांधले गेले आणि जवळपास अडीच कोटी डॉलर खर्च झाले. निष्कर्ष तोच: उपासमारीनं टक्केवारी वाढते, एकूण उत्पादन नाही. १९९६ मध्ये प्रकल्प गुंडाळला.

मग जनुकांकडे मोर्चा वळला. २००९ मध्ये एक्सॉनमोबिल आणि सिंथेटिक जीनोमिक्स एकत्र आल्या. उपाशी शेवाळात कोणती जनुकं वर-खाली होतात ते त्यांनी शोधलं आणि त्यातल्या एकाचा आवाज कमी केला. २०१७ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की तेल २० वरून ४० टक्क्यांवर गेलं आणि वाढ फारशी घटली नाही. खरोखर मोठं काम! पण प्रयोगशाळेतलं यश वेगळं आणि पंपावरचा भाव वेगळा. २०२३ च्या सुरुवातीला एक्सॉननं शेवाळातून हात काढून घेतल्याच्या बातम्या आल्या.

मग ताण देण्याची युक्ती वाया गेली का? नाही. ऑस्ट्रेलियात ड्युनालिएलाच्या खाऱ्या तलावांतून बीटा-कॅरोटीनचा धंदा व्यवस्थित चालतो. रंग महाग विकला जातो, म्हणून कमी उत्पादनही परवडतं. इंधन स्वस्तच विकावं लागतं.

आता पुण्याचं बघा. मुळा-मुठेच्या सांडपाण्यावर शेवाळ वाढवा, नदीही साफ आणि डिझेलही, अशी कल्पना अधूनमधून ऐकू येते. ऐकायला भारी वाटते. पण सांडपाण्यात नायट्रोजन भरपूर असतो. म्हणजे शेवाळ जोमानं वाढेल, पाण्यातला नायट्रोजनही शोषून घेईल, पण तेल फारसं साठवणार नाही. तेल हवं असेल तर नंतर दुसऱ्या टाकीत त्याला उपाशी ठेवावं लागेल आणि त्याची जागा, वेळ, वीज हे सगळं बिलात येईल. नदी साफ करण्यासाठी शेवाळ वापरायचं, तर त्याचा हिशोब नदी साफ होण्यावरच मांडावा. डिझेलच्या आशेवर नदीचं काम टांगून ठेवू नये.

म्हणून पुढच्या वेळी ‘शेवाळातून दुप्पट तेल’ अशी बातमी फॉरवर्ड होऊन आली, की एकच प्रश्न विचारा: टक्के दुप्पट, की रोजचे लिटर दुप्पट?

भेटूया पुढच्या भागात!