व्हॉल्व्हचा रव आणि ध्वनिमुद्रिकेचा पूर्ववर्धक

व्हॉल्व्हमधील खरखर केवळ सदोष बांधणीतून उद्भवत नाही. विद्युत्प्रवाह सुट्या इलेक्ट्रॉनांचा असल्याने त्यात चढउतार अटळ असतात, हे वॉल्टर शॉट्की यांनी १९१८ साली दाखविले. बंदुकीच्या छऱ्यांवरून त्यास ‘श्रोट-एफेक्ट’ म्हटले गेले. १९२५ साली जे. बी. जॉन्सन यांना निम्न वारंवारतेस याहून अधिक रव आढळला. पूर्ववर्धकाला तोच जाचक ठरला. १९५४ च्या आर. आय. ए. ए. मानकानुसार मुद्रणात दाबलेला खर्ज वाजविताना पुन्हा उचलावा लागतो; २० हर्ट्झला वर्धन १००० हर्ट्झच्या सुमारे ९ पट होते व रवही वाढतो. यास्तव ई. एफ. ८६ सारखा अल्परव व्हॉल्व्ह पहिल्या टप्प्यात योजून तेथेच पुरेसे वर्धन साधले जाई; पुढील टप्प्यांचा रव मग नगण्य ठरे. रव अटळ असल्याचे उमगल्यावरच त्यास मर्यादा घालता आली.